गळ्यातील ग्रंथी आणि तिची गोळी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर काहीतरी लिहावे, अशी अध्यक्षाबाईंची सूचना आली. पाककृती, भरतकाम, ओव्या यांवर लिहिणाऱ्या हुशार भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली. परंतु एक वस्तू गेली नऊ वर्षे रोज पहाटे माझ्या हातात येते, ती म्हणजे थायरॉईडची गोळी. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या फडताळात तीच बाटली आहे. ही गोळी आली कोठून, तिच्याआधी बायका काय करीत, याची मला जिज्ञासा होती. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिच्या पुस्तकांतून तिने मला वाचून दाखविले, मंडळात डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान झाले त्या वेळी मी प्रश्न विचारले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

प्रथम एक शब्द सरळ करून घेऊ. आपण म्हणतो, "मला थायरॉईड आहे." खरे पाहता थायरॉईड सर्वांनाच आहे. ती गळ्याच्या पुढल्या भागात, श्वासनलिकेवर बसलेली फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे. ती थेट रक्तात एक पाझर सोडते. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला अंतःस्राव म्हणत, डॉक्टर हार्मोन म्हणतात. चुलीतला जाळ कमीजास्त करावा तसे हा पाझर शरीराचे काम कमीजास्त करतो. तो कमी पडला की सारेच मंदावते. थंडी सोसत नाही, अंग जड होते, चेहरा व पाय सुजल्यासारखे दिसतात, केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, पाळी जास्त जाते, आणि मन उदास राहते. पाझर जास्त झाला तर उलट होते, पण तो आजचा विषय नाही.

गळ्याची गाठ आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. चीनमध्ये फार पूर्वीपासून अशा गाठीवर समुद्रातले शेवाळ देत. त्यात गुण होता, पण तो कशाचा हे कोणास माहीत नव्हते. १८११ साली फ्रान्समध्ये कुर्त्वा नावाच्या माणसाला समुद्रवनस्पतींच्या राखेतून एक नवे द्रव्य मिळाले, तेच आयोडीन. १८२० साली जिनिव्हाच्या डॉक्टर कॉइंदे यांनी ते गलगंडावर देऊन पाहिले. पुढे १८९५ साली बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला गळ्याच्या ग्रंथीतच आयोडीन सापडले. म्हणजे ग्रंथीला आपला पाझर तयार करावयास आयोडीन लागते, जशी भाकरीला पिठाची गरज.

पण गाठ नसतानाही ग्रंथी मंद पडू शकते, हे समजावयास आणखी काळ जावा लागला. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी मध्यम वयाच्या काही स्त्रियांचे वर्णन लिहिले. त्यांचे चेहरे सुजल्यासारखे, बोलणे संथ, हालचाल जड झाली होती. लक्षात घ्या, रोगाचे पहिले मोठे वर्णन स्त्रियांचेच आहे. १८७८ साली डॉक्टर ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा असे नाव दिले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर हे शल्यवैद्य गलगंडाच्या शस्त्रक्रियेत नावाजले होते. १८८३ साली त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना परत बोलावून तपासले. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती, ते बहुतेक मंद, सुजलेले, बुद्धीने जड झालेले त्यांना आढळले. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही, जगापुढे मांडली, आणि यापुढे संपूर्ण ग्रंथी काढावयाची नाही असे ठरविले. ग्रंथी गेली की काय जाते, हे त्यातून जगाला उमजले. १९०९ साली कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्रंथी गेल्याने रोग होतो, तर ग्रंथी परत दिल्याने तो जाईल का? १८९० साली पोर्तुगालमधील लिस्बन येथे दोन डॉक्टरांनी एका स्त्रीच्या कातडीखाली मेंढीची ग्रंथी बसवून पाहिली व तिला आराम वाटला. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, इंग्लंडातील न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून तो ४६ वर्षांच्या एका बाईला सुईने टोचला. आपल्या आनंदीबाई जोशी जाऊन त्या वेळी चार वर्षे झाली होती. तीन महिन्यांत त्या बाईची सूज उतरली, बोलणे मोकळे झाले, ती आपली आपण चालू फिरू लागली. पुढे अर्क तोंडाने देऊ लागले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली व १९१९ साली ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला, असा हिशेब मरे यांनी नंतर दिला. सेहेचाळीस म्हणजे जवळपास माझेच वय. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा त्या परक्या बाईविषयी मला बहिणीसारखी माया वाटली.

टोचण्याऐवजी खाऊनही काम भागते, हे १८९२ साली मॅकेंझी व फॉक्स या दोन डॉक्टरांनी दाखविले. फॉक्स साहेबांनी तर मेंढीची अर्धी ग्रंथी किंचित परतून, बारीक चिरून, फळांच्या मुरंब्याबरोबर आठवड्यातून एकदा खावयास सांगितली. आपल्यातल्या माळकरी भगिनींना हे वाचून शहारे येतील. पण पुढे कितीतरी वर्षे डुकराच्या, मेंढीच्या व गाईगुरांच्या वाळविलेल्या ग्रंथींची भुकटीच औषध म्हणून चालली. तिचा दोष असा की प्रत्येक जनावराच्या ग्रंथीत गुण सारखा नसे. एका बाटलीने बरे वाटे, दुसरीने छाती धडधडे.

भुकटीतले खरे द्रव्य कोणते, याचा शोध अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांना लागला. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी त्यांना त्याचे स्फटिक मिळाले. त्याला थायरॉक्सिन असे नाव पडले. पुढे सुमारे ३ टन डुकराच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम द्रव्य आले. यावरून ते किती महाग पडत असेल याची कल्पना यावी. १९२६ साली लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी या द्रव्याची रचना उलगडली, व पुढल्या वर्षी बार्जर यांच्या जोडीने ते प्रयोगशाळेत बनविले. मग १९४९ साली ग्लॅक्सो कंपनीच्या ब्रिटनमधील संशोधकांनी ते मोठ्या प्रमाणावर करण्याजोगी रीत काढली. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा एकच वर्ष झाले होते. आज आपण घेतो ती एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म वगैरे नावांची गोळी हीच, म्हणजे कारखान्यात बनविलेले लिव्होथायरॉक्सिन. त्यातले औषध जनावराच्या ग्रंथीतून काढलेले नसते, म्हणून त्याविषयी मनात किंतु धरू नये.

येथे दोन स्त्रियांची नावे घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १९५२ साली रोझलिंड पिट-रिव्हर्स या विदुषीने जॅक ग्रॉस यांच्यासह ग्रंथीचा दुसरा पाझर शोधला. तो थायरॉक्सिनहून जलद व तेज काम करतो. पहिल्यात आयोडीनचे चार कण असतात म्हणून त्याला टी-४ म्हणतात, दुसऱ्यात तीन म्हणून टी-३. रक्ताच्या चिठ्ठीवर आपण जी अक्षरे पाहतो ती हीच. दुसऱ्या डेबोरा डोनियाक. त्यांनी व रॉइट आणि कॅम्पबेल या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखविले की, कित्येक रोग्यांच्या शरीरातील संरक्षक शक्ती चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटते व तिला हळूहळू क्षीण करते. जपानचे डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या ग्रंथीच्या सुजेचे कोडे यातून सुटले. आयोडीनचे मीठ खाणाऱ्या आपल्या बायकांनाही थायरॉईड का, असे पुष्कळ जणी विचारतात, त्याचे मोठे उत्तर हे आहे. असा रोग जास्त मीठ खाऊन बरा होत नाही. उलट रक्तदाब मात्र वाढेल.

मिठाचा इतिहास आपल्या देशाचाच आहे, तोही थोडक्यात सांगते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात घरोघर गलगंड होता. तेथे १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले व एका भागात साधे. काही वर्षांतच आयोडीनच्या भागांत गलगंड उतरला. त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ सालच्या मे महिन्यापासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, म्हणजे सबंध आयुष्यात चमचाभरही नव्हे, पण ते रोज मिळावयास हवे. आपल्या खेड्यांत अजूनही जनावरांसाठी म्हणून आणलेले खडे मीठ स्वयंपाकात पडते. ते टाळावे. मीठ बरणीत झाकून, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. बाजरीविषयी म्हणाल तर, आफ्रिकेतील सुदानमध्ये जेथे बाजरी हेच मुख्य अन्न व आयोडीन अपुरे, तेथे तिचा गलगंडाशी संबंध आढळला. आपण आयोडीनचे मीठ खात असल्यास भाकरी सोडण्याचे कारण नाही.

आता माझ्याविषयी थोडेसे. चैत्राच्या उन्हातही मी गोधडी घेऊन बसे. पाटा-वरवंटा ओढताना दम लागे. आवाज असा बसला की दारावर आलेली बाई मला पुरुष समजली. घरात व शेजारी म्हणत, "चाळिशी जवळ आली की बायका आळशी होतातच." सासूबाईंनी मात्र माझी बाजू घेतली. "ही आळसाने निजणारी नव्हे, हिला काहीतरी झाले आहे," असे त्याच ह्यांना म्हणाल्या. रक्त तपासले, टीएसएच फार वाढलेला निघाला. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीचा निरोप असतो. गळ्यातली ग्रंथी मंद पडली की वरची ग्रंथी ओरडून ओरडून हाका मारते, म्हणून हा आकडा वाढतो. गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत मी परत माणसांत आले. "आळशी" या एका शब्दाखाली किती बायकांचे दुखणे दडपले गेले असेल, हा विचार तेव्हापासून माझा पाठ सोडीत नाही.

हा विचार आपल्या बीड जिल्ह्यात फार गांभीर्याने करावयास हवा. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या हजारो बहिणी मुकादमाची उचल घेऊन कोयत्याला जातात. पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कोपीत राहून त्या ऊस तोडतात. अंगावरून जास्त जाणे, कंबर दुखणे, थकवा ही त्यांची नित्याची दुखणी. २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत कित्येक ऐन तरुण होत्या. या सर्वांना थायरॉईड होता असे मी म्हणत नाही. त्यामागे गरिबी, खाडा पडला तर होणारा दंड, कॅन्सरची घातलेली भीती, अशी अनेक कारणे होती. परंतु पाळी जास्त जाण्याचे एक कारण मंद थायरॉईड हेही असते, आणि ते रक्ताच्या एका तपासणीने कळते व गोळीने सुधारते. माझ्या ओळखीच्या एका बाईला एका खासगी डॉक्टरने पिशवी काढावयास सांगितले होते. तिने दुसरीकडे दाखविले, थायरॉईड मंद निघाला, आणि गोळीवर तिची पाळी सुधारली. पिशवी आजही तिच्यापाशी आहे. म्हणून कोणी पिशवी काढा म्हटले तर, "आधी थायरॉईड व रक्ताचे प्रमाण तपासले का?" एवढा प्रश्न विचारावयास आपण शिकले पाहिजे. आपल्या अंबाजोगाईला १९७४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरे मत घेण्यास पुण्या-मुंबईस जावे लागत नाही.

हा रोग किती पसरला आहे, याचेही मोजमाप झाले आहे. मुंबई व गोवा धरून देशातील आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढ माणसांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात शंभरांत सुमारे अकरा जणांची ग्रंथी मंद निघाली. स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत सुमारे सोळा व पुरुषांत पाच होते.

आता गोळीचे पर्याय. रोज टी-४ ची एक गोळी, हा मुख्य व सर्वमान्य मार्ग. शरीर स्वतःच गरजेप्रमाणे टी-४ चे टी-३ करून घेते, हे १९७० साली अमेरिकन डॉक्टरांनी ग्रंथी नसलेल्या माणसांत सिद्ध केले. शिवाय टी-४ रक्तात सावकाश विरते, अर्धे जावयास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून दिवसातून एकदाच पुरते. दुसरा पर्याय टी-३ च्या गोळीचा. ती लवकर चढते व लवकर उतरते, छातीत धडधडू शकते, म्हणून ती सरसकट देत नाहीत. तिसरा, दोन्ही एकत्र. १९९९ साली एका छोट्या प्रयोगात त्याने मन प्रसन्न होते असे दिसले, पण नंतरच्या बहुतेक मोठ्या प्रयोगांत विशेष फरक आढळला नाही. काही रोग्यांना तज्ज्ञ डॉक्टर ते देऊन पाहतात. चौथा, जुनी वाळविलेल्या ग्रंथीची भुकटी. काही देशांत ती अजून मिळते, पण तज्ज्ञ तिची शिफारस सहसा करीत नाहीत. काढे, चूर्णे विकणारे "गोळी कायमची सुटेल" असे सांगतात. क्षीण झालेल्या ग्रंथीची भरपाई करणारा काढा निघाल्याचे वैद्यकशास्त्रास ठाऊक नाही.

गोळी केवढी? १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा हजार भाग करून त्यातला एक. वर्षभराच्या गोळ्यांतले खरे औषध तांदळाच्या दोन दाण्यांएवढे भरेल. म्हणूनच शेजारणीची गोळी उसनी घेऊ नये व आपली शेजारणीस देऊ नये. मात्रा वजनावर, वयावर व हृदयाच्या स्थितीवर ठरते. वृद्धांना व हृदयविकार असलेल्यांना फार थोड्यापासून सुरू करतात.

घेण्याची रीत अशी. पहाटे उठल्यावर निव्वळ पाण्याबरोबर गोळी घ्यावी, आणि चहा अर्धा ते एक तास उशिरा. चहा आधी व गोळी मागून, ही आपल्याकडची सवय गोळीचा गुण कमी करते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. आपल्याकडे गरोदर बाईला या दोन्ही मिळतात, म्हणून तिने हे विशेष ध्यानात ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये, गोळीमुळेच बरे वाटत असते. उपवासाच्या दिवशीही ती घ्यावी. हरितालिकेच्या निर्जळ उपवासालाही घोटभर पाण्याने गौरीचा कोप होणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे. कोयत्याला जाणाऱ्या बहिणींनी सहा महिन्यांच्या बाटल्या डॉक्टरांना विचारून बरोबर न्याव्यात, त्या कोपीत उन्हाच्या व चुलीच्या धगीपासून लांब ठेवाव्यात, आणि परत आल्यावर रक्त तपासावे.

गरोदरपणी मात्र दिवसगणतीचा प्रश्न असतो. पहिल्या महिन्यांत पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी काम करीत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या पाझरावर अवलंबून असते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच, ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांकडे जावे. बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते. काही बाळे जन्मतःच ग्रंथी नसलेली किंवा मंद असलेली येतात. दिसावयास ती चांगली असतात, पण पहिल्या दोनतीन आठवड्यांत गोळी सुरू झाली नाही तर बुद्धी कायमची मंद राहण्याचा धोका असतो. टाचेच्या एका थेंबाने हे ओळखण्याची पद्धत १९७० च्या दशकात कॅनडात सुरू झाली. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉक्टर मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे नवजात बालकांची अशी तपासणी करून १९८७ साली तिच्या अडचणी व उपाय प्रसिद्ध केले. लेकीसुनेचे बाळंतपण झाल्यावर आपण आजी म्हणून बारशाचे पेढे जरूर वाटावेत, पण त्याआधी "बाळाची थायरॉईडची तपासणी झाली का?" असे डॉक्टरांना विचारावे.

इतके सारे लिहिण्याचे तात्पर्य असे. मेंढीच्या अर्कापासून तांदळाच्या कणाएवढ्या औषधापर्यंत यावयास जगाला साठ वर्षे लागली. ही गोळी महाग नाही, दुर्मिळ नाही. उणीव आहे ती दुखणे ओळखण्याची आणि बाईचे म्हणणे ऐकून घेण्याची. ते काम मोठमोठ्या प्रयोगशाळांचे नसून आपल्या घरचे व आपल्या मंडळाचे आहे. येत्या वर्षी मंडळाने हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाऐवजी ज्यांना गरज आहे अशा भगिनींच्या रक्त तपासणीची व्यवस्था करावी, अशी नम्र सूचना करून मी हा लेख पुरा करते.